दाण्यातून बलकात

प्रस्तावना

अंड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो. वजन, कवचाचा रंग आणि त्या दिवसाची मागणी एवढ्यावर सौदा होतो. आत काय आहे हे कोणी विचारत नाही. अंडे म्हणजे अंडे, अशी आपली समजूत असते. आहाराच्या तक्त्यात अंड्यासमोर प्रथिनांचा, स्निग्धांशाचा आणि जीवनसत्त्वांचा एकेक आकडा छापलेला असतो, आणि तो निसर्गाने कायमचा ठरवून दिला आहे असे आपण धरून चालतो. त्या तक्त्यातले काही आकडे खरोखरच पक्के आहेत. कोंबडीला काहीही खाऊ घातले तरी ते फारसे हलत नाहीत. काही आकडे मात्र तीन आठवड्यांत दुप्पट, तिप्पट होऊ शकतात आणि तितक्याच सहज घसरतातही. कोणते आकडे कोणत्या बाजूचे, ते तसे का, आणि हे कळल्यावर कोंबडीपालकाने, ग्राहकाने आणि सरकारने काय करावे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

आधी अंडे कसे बनते ते समजून घ्यायला हवे. संकरित लेअर (अंड्यांसाठी पाळलेली) कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते आणि ५५ ते ६० ग्रॅमचे अंडे देते. आपल्याकडच्या लेअर खाद्यात निम्म्याच्या आसपास मका असतो. त्याखालोखाल सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड), मग तेल काढलेला भाताचा कोंडा, चुनखडीची खडी किंवा शिंपला, मीठ, आणि टनामागे थोडेसेच पडणारे जीवनसत्त्वे व खनिजांचे प्रीमिक्स. यातून अंड्याचे तीन भाग तीन वेगवेगळ्या वेळी तयार होतात. पांढरा भाग बीजवाहिनीतून जाताना तीनेक तासांत चढतो. कवचाला वीसेक तास लागतात. बलक मात्र त्याआधीच अंडाशयात वाढत असतो आणि शेवटच्या सात ते दहा दिवसांत झपाट्याने मोठा होतो.

बलकाचे साहित्य अंडाशयात तयार होत नाही, ते यकृतात तयार होते. कोंबडी अंड्यावर आली की इस्ट्रोजेनच्या प्रभावाने तिचे यकृत मेद आणि प्रथिने एकत्र बांधून त्यांचे सूक्ष्म कण रक्तात सोडू लागते, आणि वाढते बीजांड ते कण उचलून साठवते. म्हणून आज फीडरमध्ये पडलेल्या तेलाचा स्वभाव येत्या आठवड्यातल्या बलकात उतरतो. एका वेळी अंडाशयात लहानमोठी अनेक बीजांडे वाढत असल्यामुळे खाद्यातल्या बदलाचा पूर्ण परिणाम अंड्यात दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. खाद्य बदलून चार दिवसांत अंडी तपासायला पाठवणारा आणि फरक नाही म्हणून प्रयोग सोडून देणारा कोंबडीपालक इथेच फसतो.

या पुस्तकाचा गाभा एका साध्या सत्यात आहे: कोंबडी अंडे माणसासाठी बनवत नाही. एकवीस दिवस बाहेरून काहीही अन्न न मिळता पिल्लू घडावे, एवढी शिदोरी त्या कवचात बांधलेली असते. पिल्लाचे शरीर ज्यावर उभे राहते ती प्रथिने कोंबडीच्या जनुकांनी ठरवलेल्या क्रमानेच बनतात. खाद्यात प्रथिने कमी पडली तर कोंबडी लहान अंडे देते किंवा कमी अंडी देते, पण हलक्या प्रतीचे प्रथिन भरून अंडे देत नाही. कवचाच्या कॅल्शियमचेही तसेच. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. ते खाद्यातून पुरले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते, आणि तेही संपत आले की कवच पातळ होते आणि अंडी थांबू लागतात. म्हणजे या बाबतीत झीज कोंबडी सोसते. याउलट बलकातले स्निग्धाम्ल, मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे, अनेक ब जीवनसत्त्वे, आयोडीन, सेलेनियम आणि बलकाला रंग देणारी द्रव्ये यांच्याबाबत कोंबडीचा हात मोकळा असतो. जेवढे येते, त्यातला काही वाटा ती पुढे देते. अंड्याची पोषणमूल्ये वाढवण्याचे सगळे शास्त्र या दोन खात्यांमधला फरक ओळखण्यात आहे.

हा वाटा किती, याचा ढोबळ हिशेबही झालेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले एडवर्ड नेबर यांनी अनेक दशकांचे प्रयोग एकत्र करून १९९३ मध्ये खाद्यातले जीवनसत्त्व अंड्यात किती उतरते ते मांडले. अ जीवनसत्त्व सर्वांत सढळपणे, ६० ते ८० टक्के. रायबोफ्लेविन, बायोटिन, पँटोथेनिक आम्ल आणि बी-१२ साधारण ४० ते ५० टक्के. ड आणि ई १५ ते २५ टक्के. के, थायमिन आणि फॉलिक आम्ल जेमतेम ५ ते १० टक्के. खाद्यात टाकलेला प्रत्येक रुपया अंड्यात सारखा उतरत नाही, हे यावरून कळते. फॉलिक आम्लासाठी कोंबडीच्या खाद्यावर खर्च करण्यापेक्षा माणसाच्या ताटात पालेभाजी वाढणे शहाणपणाचे.

कोंबडीच्या खाद्याचा अभ्यास हा माणसाच्या पोषणशास्त्राचा आडरस्ता आहे असे कोणाला वाटेल. इतिहास वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचे कारण शोधत होते. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता, आणि नव्या आचाऱ्याने तो बंद केल्यावर त्या सुधारल्या. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जगवणारे आहे, या कल्पनेचा पाया तिथे पडला. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम पिल्लांना मेद काढून टाकलेले खाद्य देऊन पाहत होते. पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला, आणि त्यातून के जीवनसत्त्व सापडले. त्यासाठी त्यांना १९४३ चे नोबेल मिळाले. कोंबडी चटकन वाढते, कमतरता लवकर दाखवते आणि तिच्या शरीरात काय चालले आहे याचा पुरावा जवळपास रोज एका कवचात बंद करून देते. जीवनसत्त्वांचे शास्त्र घडवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

खाद्याने अंड्याचा मेद बदलतो, हेही जुनेच ज्ञान आहे. एथेल मार्गारेट क्रुकशँक यांनी १९३४ मध्ये कोंबड्यांना वेगवेगळी तेले देऊन दाखवले की बलकातली असंतृप्त स्निग्धाम्ले खाद्याप्रमाणे बरीच बदलतात, संतृप्त स्निग्धाम्ले मात्र फारशी बदलत नाहीत. हे निरीक्षण पुढे पन्नास वर्षे जवळपास अडगळीत राहिले. त्या काळात अंड्याविषयीची चर्चा कोलेस्टेरॉलभोवती फिरत होती. ते कमी करण्यासाठी खाद्यावर असंख्य प्रयोग झाले आणि हाती फारसे काही आले नाही. एका अंड्यात सुमारे १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. पिल्लाच्या वाढीला ते लागतेच, त्यामुळे ते फार कमी करायला गेले तर कोंबडी अंडी देणेच बंद करते. ते कोंबडीने राखून ठेवलेल्या खात्यातले आहे.

क्रुकशँक यांच्या निष्कर्षाला नवे महत्त्व आले ते १९८९ मध्ये. आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम यांनी ग्रीसमधल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली आणि अमेरिकन बाजारातल्या अंड्यांशी ताडून पाहिली. बाजारातल्या अंड्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या स्निग्धाम्लांचे प्रमाण सुमारे १९ ला १ होते. ग्रीक अंड्यात ते १.३ ला १ निघाले. त्या कोंबड्या गवत, किडे, पडलेली अंजिरे आणि रानातली हिरवी पाने खात होत्या. त्या पानांत घोळ होती. तीच घोळ, जी आपल्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात आपोआप उगवते आणि बाजारात जुडीने मिळते. घोळीच्या पानात ओमेगा-३ वर्गातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, हे याच दोघांनी १९८६ मध्ये दाखवले होते. मका आणि सोया यांच्यावर वाढलेल्या कोंबडीच्या खाद्यात ओमेगा-६ चा भर असतो, म्हणून तिच्या बलकातही तोच भर दिसतो. कोंबडी तीच होती; फरक तिच्या पुढ्यातल्या अन्नाचा होता.

तिथून जगभर प्रयोगांची रांग लागली. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात जियाँग सिम आणि इतरांनी जवसाचा वापर करून ओमेगा-३ अंडे घडवले. १९९७ मध्ये बेल्जियममधून ‘कोलंबस’ नावाने असे अंडे बाजारात आले आणि युरोपभर पसरले. भारतात चेन्नईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले डॉ. डी. नरहरी यांनी जवसासोबत वनस्पतींचा वापर करून पोषणसमृद्ध अंड्यांवर मोठे काम केले. पुण्यात भारती विद्यापीठातही जवसावर आधारित ओमेगा-३ अंड्यांचे संशोधन झाले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजमुळे आणि १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीमुळे पुणे हे भारतीय अंडी व्यवसायाचे एक केंद्र झाले आहे; जवस हे विदर्भाचे जुने पीक आहे. तेव्हा हा विषय महाराष्ट्राच्या दाराशी येऊन थांबलेला आहे.

जवसाची गोष्ट या पुस्तकात सविस्तर येते, कारण तिच्यात या विषयाची सगळी गुंतागुंत दिसते. जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल. लेअर खाद्यात दहा टक्क्यांपर्यंत जवस घातले की बलकात हे आम्ल अनेक पटींनी वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोंबडीचे यकृत त्यातल्या काही भागाचे डीएचए बनवते. मेंदू आणि डोळ्याच्या पडद्याच्या घडणीत लागणारे हेच ते स्निग्धाम्ल. साध्या अंड्यात ते २० ते ५० मिलिग्रॅम असते. जवसाच्या अंड्यात ७० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. माशाचे तेल किंवा सागरी शैवाल खाद्यात घातले तर याहूनही पुढे जाता येते.

इथे एक रास्त शंका येते. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी पिढ्यानपिढ्या खाल्ली जाते. मग दाणा सरळ माणसानेच का खाऊ नये, मध्ये कोंबडी कशाला? अल्फा-लिनोलेनिक आम्लापुरते हे अगदी खरे आहे. जो रोज चमचाभर जवसाची चटणी खातो, त्याला त्यासाठी अंड्याची गरज नाही. पण माणसाचे शरीर त्यापासून डीएचए फार थोडे बनवते. कोंबडीचे यकृत हे काम जास्त चांगले करते आणि बनलेले डीएचए बलकात जपून ठेवते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए घ्यावे, अशी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. कोकणात आणि गोव्यात ज्या घरी बांगडा, तारली नेमाने शिजते तिथे ही गरज मासळीच भागवते. पण खान्देशातल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या ज्या घरात समुद्राची मासळी पोचत नाही, तिथे अशी दोन अंडी हाच हाताशी असलेला मार्ग आहे.

जवस वापरणे तरी सोपे नाही. त्यात चिकट द्रव्य असते, त्याने विष्ठा ओली होते. ब-६ जीवनसत्त्वाला अडवणारे लिनॅटिन आणि सायनाइड सोडू शकणारे घटकही त्यात असतात. म्हणून ते भाजून किंवा दाबयंत्रातून उष्णतेने काढून घ्यावे लागते आणि प्रमाणात घालावे लागते. भरडलेले जवस उन्हाळ्यात पटकन खवट होते. असे खाद्य घातले तर अंड्यात पोषणाऐवजी खराब झालेला मेद जातो, म्हणून जवसासोबत ई जीवनसत्त्व वाढवणे अनिवार्य आहे. अकोला-अमरावतीकडच्या मे महिन्यात कोंबडी खाद्यच कमी खाते. तेव्हा फीडरमधले प्रमाण तेच ठेवले तरी अंड्यात उतरणारे घटतेच. लेबलवरचा आकडा टिकवायचा तर उन्हाळ्याचे खाद्य वेगळे बांधावे लागते. काही तपकिरी कवचाच्या जातींत अंड्याला माशासारखा वास येण्याचा धोकाही असतो. त्यामागे यकृतातले एक विशिष्ट विकर बनवणाऱ्या जनुकातला दोष आहे, हे २००५ मध्ये उलगडले.

आपल्या धान्यांकडेही या नजरेने पाहायला हवे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी मक्याऐवजी बाजरी घालून पाहिली, तर बलकात ओमेगा-३ वाढले. बाजरीच्या तेलात ते मक्यापेक्षा जास्त असते. बाजरी, ज्वारी पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हा निष्कर्ष फार जवळचा आहे. बाजरी किंवा ज्वारी खाणाऱ्या कोंबडीचा बलक फिका निघतो, कारण या धान्यांत पिवळ्या मक्यासारखा रंग नसतो, आणि फिका बलक म्हणजे निकृष्ट अंडे, असा ग्राहकाचा ग्रह आहे. हा ग्रह दूर करणे हे या पुस्तकाचे एक काम आहे.

बलकाचा रंग येतो तो मुख्यतः ल्युटिन आणि झिझँथिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्यांतून. मिझूरी विद्यापीठात लेरॉय पामर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले की ही रंगद्रव्ये जवळजवळ नसलेल्या खाद्यावरही कोंबड्या निरोगी वाढतात आणि त्यांच्या अंड्यांतून पिल्ले निघतात. बलक तेवढा पांढुरका होतो. म्हणजे रंग आणि अ जीवनसत्त्व एक नव्हे. आज झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क आणि मिरचीचा लाल रंग खाद्यात घालून बलकाला हवी ती छटा देता येते. झेंडूचे ल्युटिन स्वतः उपयोगी आहे. ते आपल्या डोळ्याच्या पडद्यात साठते. २००४ मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या अभ्यासात असे आढळले की तेवढेच ल्युटिन पालकातून किंवा गोळीतून घेतले त्यापेक्षा अंड्यातून घेतले तेव्हा रक्तात जास्त उतरले, कारण बलकाचा मेद त्याला सोबत करतो. पण गडद बलकावरून ओमेगा-३, ड जीवनसत्त्व किंवा बी-१२ यांच्याबद्दल काहीही सांगता येत नाही. कवचाचा तपकिरी रंग तर केवळ जातीचा गुण आहे.

गावरान अंड्याबद्दलही इतक्याच स्पष्टपणे बोलायला हवे. हिरवा पाला, किडे, ऊन मिळालेल्या कोंबडीच्या अंड्यात काही गोष्टी खरोखर जास्त असतात. जर्मनीतल्या हाले इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ड जीवनसत्त्व शेडमधल्या कोंबड्यांच्या तीन-चार पट होते. पण हा गुण उन्हाचा आणि पाल्याचा आहे, ‘गावरान’ या पाटीचा नाही. उकिरड्यावर, जाळलेल्या प्लास्टिकच्या राखेत चरणाऱ्या कोंबडीच्या बलकात डायॉक्सिनसारखी मेदात साठणारी विषेही उतरतात. जी वाट पोषणाची, तीच विषाचीही. बुरशी लागलेल्या मक्यातले आणि शेंगदाणा पेंडीतले अफ्लाटॉक्सिन आधी कोंबडीचे यकृत पोखरते, आणि जे यकृत बलक बनवते तेच आजारी पडले तर वरून घातलेले जवस वाया जाते. म्हणून पोषणसमृद्ध अंड्याची पहिली अट कोरडा, स्वच्छ मका हीच आहे.

मग काय वाढवावे? जे वाढवता येते ते सगळे वाढवणे, हा या विषयातला मोठा मोह आहे. सेलेनियम अंड्यात सहज वाढते. पण त्याची गरज आणि त्याचा अतिरेक यांत अंतर थोडे आहे, आणि पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर भागात जमिनीतच ते जास्त आहे. आयोडीन तर फार सहज उतरते. पण आपल्या घरात आयोडीनयुक्त मीठ पोचलेले आहे. लोह वाढवावे अशी सर्वांचीच इच्छा असते, आणि तेच अंड्यात जिद्दीने हलत नाही. याउलट ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या शहरांत आणि गावांत सर्रास आढळते, बी-१२ ची कमतरता शाकाहारावर भर असलेल्या घरांत आढळते, आणि ही दोन्ही अंड्यात वाढवता येतात. साध्या अंड्यात ड जीवनसत्त्व ४० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककांच्या) आसपास असते, तर प्रौढाची रोजची गरज ६०० आययू धरली जाते. काय वाढवायचे, हे खाणाऱ्याच्या रक्तातल्या कमतरतेवरून ठरले पाहिजे, बाजारात कोणता शब्द खपतो यावरून नाही.

खर्चाचा हिशेबही इथेच बदलतो. समजा लेअर खाद्यात किलोमागे ३००० आययू ड-३ घातले. वजनात पाहिले तर एका टनाला हे शुद्ध जीवनसत्त्व फक्त ७५ मिलिग्रॅम लागते, आणि एका टन खाद्यावर आठ हजारांहून अधिक अंडी निघतात. जवसाचे तसे नाही. दहा टक्क्यांनी घातले तर एका अंड्यामागे अकरा ग्रॅम जवस लागते आणि ते स्वस्त नाही. म्हणून सरसकट सर्व अंड्यांत जीवनसत्त्वांची सुधारणा आधी आणि डीएचएची सुधारणा ज्यांना तिची निकड आहे अशांसाठी, असा क्रम या पुस्तकात धरला आहे. आज व्यवहार याच्या उलट आहे. पोषणसमृद्ध अंडे सुंदर खोक्यात, दुप्पट दराने, ज्यांच्या ताटात आधीच सगळे आहे अशा घरी जाते.

देशात २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी झाली, म्हणजे माणशी वर्षाला १०३. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस म्हणून १८० चा आकडा सांगितला जातो; त्यापासून आपण दूर आहोत, आणि हे १०३ ही सर्वांना सारखे मिळत नाहीत. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांपर्यंत अंडी पोचवण्याचा प्रयत्न २०१५ पासून सुरू झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. मुलाला अंडेच मिळत नसेल तर त्यातल्या डीएचएची चर्चा व्यर्थ आहे. ताटात आधी अंडे हवे, मग चांगले अंडे. पण जिथे सरकार अंडी विकत घेते, तिथे निविदेत अंड्याचे वजन आणि दर लिहिला जातो तसाच कोंबडीच्या खाद्यातल्या ड आणि बी-१२ चा किमान अंश लिहिणे, आणि अधूनमधून काही ट्रे प्रयोगशाळेत पाठवणे, एवढे सहज शक्य आहे. रोज एक अंडे खाणाऱ्या गर्भवतीला त्या एका अंड्यातून जास्तीत जास्त मिळाले पाहिजे. तिच्यासाठी दुसरे अंडे येणार नसते.

हे पुस्तक तीन वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. कोंबडीपालकाला यात खाद्याची सूत्रे सापडतील, पण त्याआधी प्रत्येक सूत्रामागचे कारण सापडेल, कारण मक्याचा भाव बदलला की सूत्र बदलते, कारण बदलत नाही. पशुवैद्यक आणि आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यकृतापासून बलकापर्यंतचा मार्ग सविस्तर मिळेल. ग्राहकाला खोक्यावरचा मजकूर वाचता यावा, ही माझी मोठी इच्छा आहे. खोक्यावर ‘ओमेगा-३’ असे लिहिले असेल तर त्यात डीएचए किती मिलिग्रॅम ते विचारा. युरोपात १०० ग्रॅम आणि १०० किलोकॅलरी अन्नामागे ईपीए (डीएचएसारखेच दुसरे ओमेगा-३ स्निग्धाम्ल) आणि डीएचए मिळून ४० मिलिग्रॅम असल्याशिवाय, किंवा अल्फा-लिनोलेनिक आम्ल ०.३ ग्रॅम असल्याशिवाय, ओमेगा-३ चा स्रोत म्हणवता येत नाही. आकडा नसलेला दावा दावा म्हणून धरू नका.

कोंबडीचा विचारही या पुस्तकात शेवटपर्यंत सोबत आहे. वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देणारे ते शरीर आधीच ताणलेले असते. अंडे समृद्ध करताना तिची हाडे ठिसूळ होत असतील, यकृतावर चरबी चढत असेल, तर ती सुधारणा नव्हे. २०१९ मध्ये भारत सरकारने कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातला वापर बंद केला, तो माणसाच्या औषधांचे बळ टिकवण्यासाठी. कोंबडीचे आरोग्य आणि आपले आरोग्य एकाच खाद्यातून जाते, हे त्या निर्णयानेही मान्य केले.

या विषयात विज्ञान पुरेसे तयार आहे. बाजरी आपल्या शेतात आहे, जवस विदर्भात आहे, घोळ बांधावर आहे, झेंडू दसऱ्याला ढिगाने येतो, आणि खाद्य बांधणारे जाणकार जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. उणीव आहे ती मागणीची: अंड्यात काय हवे, हे ठरवून लेखी मागण्याची. अंगणवाडीसाठी अंडी घेताना कोंबडीला काय खाऊ घातले याची अट घालणारा पहिला जिल्हा महाराष्ट्रातला असावा, आणि त्या अटीचा मसुदा करणाऱ्याच्या टेबलावर हे पुस्तक असावे, यासाठी ते लिहिले आहे.